एटीव्ही: उजवा पाय भाजतोय, सायलेन्सरला पट्टी गुंडाळू का?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमची साडेचार एकर बाग आहे. हापूस, आणि कडेने थोडी काजू. बाग सड्याच्या (जांभ्या कातळाच्या माळाच्या) उतारावर, आणि पिकअप येते ती फक्त खालच्या बांधापर्यंत. पूर्वी क्रेट डोक्यावरून खाली यायचे. आता डोकी मिळत नाहीत. म्हणून दिवाळीत एका समुद्रकाठच्या रिसॉर्टवरची जुनी एटीव्ही (चार जाड चाकांची, मोटरसायकलसारखी बसून चालवायची गाडी) घेतली. चिनी बनावट, तीनशे सीसीच्या आसपास, वॉटरकूल्ड, कार्बोरेटरवाली, बेल्ट ड्राइव्ह. पुढे-मागे कॅरिअर आहे, मागच्या हुकाला गावातल्या वेल्डरकडून छोटी ट्रॉली करून घेतली. एका खेपेला आठ क्रेट, म्हणजे पावणेदोनशे किलोच्या आत-बाहेर.

अडचण अशी. रिकामी ट्रॉली घेऊन वर चढताना काही वाटत नाही. पण खतं, पाण्याचे कॅन वगैरे भरून चढलो की पंधरा-वीस मिनिटांत उजव्या पायाला गुडघ्यापासून घोट्यापर्यंत अशी धग लागते की हाफ पँटमध्ये बसवत नाही. त्या बाजूचं प्लास्टिक मऊ होऊन वाकडं झालंय. तापमानाचा काटाही लालपर्यंत जातो, एकदा दिवा लागला. सावलीत अर्धा तास उभी केली की परत ठीक.

पंखा चालू आहे. विकणाऱ्याने मुद्दाम सांगितलं होतं, "नवीन पंखा टाकून दिलाय." आवाजही दणदणीत येतो. सकाळी गाडी गरम करायला ठेवली आणि पंखा लागला की आमचा वाघ्या पुढच्या जाळीसमोर जाऊन शेकत बसतो.

ऑनलाइन ती काचतंतूंची पट्टी मिळते, सायलेन्सरच्या पाइपाला गुंडाळायची. ती घ्यावी का? गावातला फिटर म्हणतो अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळू, ट्रकला तीच असते. हंगाम तोंडावर आलाय, मार्चअखेर तोडणी सुरू होईल.

निवांत

गाढव घ्या. कूलंट लागत नाही. (ह. घ्या.)

गजाली

@निवांत, गाढवाचीही धग लागते, पण ती मागच्या पायांची.

पाना_नं_१४

भावा, तू एकाच दमात दोन आजार सांगितलेस आणि औषध एकच मागतोयस. पाय भाजणं वेगळं, इंजिन तापणं वेगळं.

पाय भाजतो तो बेंड पाइपमुळे. सिलिंडरच्या तोंडातून निघून तुझ्या नडगीजवळून मागे सायलेन्सरकडे जातो तो. लोडवर चढताना तो तापणारच, इंजिन एकदम ठणठणीत असलं तरी तापणार. काटा लालला जातो तो रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅट, वॉटर पंप यांच्यातल्या कुणाच्या तरी आळसामुळे. आता तू पट्टी गुंडाळलीस तर पाय वाचेल, आणि इंजिन तापतंय हे सांगणारा जो एक साक्षीदार होता तोच गप्प होईल. मग एक दिवस हेडचं पॅकिंग जाईल.

आधी एवढं सांग:
तोच पाय का? डाव्या बाजूला काही नाही? (बेल्टचं झाकण डावीकडे असेल, तिकडे रबराचा वास येतो का बघ.)
आत कूलंट आहे की पाणी?
चढाला एच (वेगाचा गिअर) मध्ये असतोस की एल (ताकदीचा) मध्ये?
बेंड पाइपवर पत्र्याचं कव्हर आहे का?

मालवणी_मसालो

पयलो पंखो बघ मेल्या. बाकीचा मगे.

चौथा घात

धाग्यात भौतिकशास्त्र नको असलेल्यांनी पुढच्या प्रतिसादावर उडी मारावी.

पाइपाची उष्णता पायापर्यंत तीन वाटांनी येते. पाइप ज्या ब्रॅकेटांनी चासीला धरलाय त्यातून, आजूबाजूची हवा तापून, आणि थेट उत्सर्जनाने. उन्हात न शिवताही भिंत तापते तसं. लोडवर पाइप तोंडाजवळ चार-पाचशे अंश सेल्सिअसला सहज जातो, आणि त्या तापमानाला तिसरी वाट सगळ्यात रुंद असते. उत्सर्जन निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढतं. हिशोब करा: पायाच्या समोरचा पृष्ठभाग ५०० अंशांऐवजी ३०० अंशांवर आणला तर उत्सर्जन ३० टक्क्यांच्या आसपास उरतं. म्हणून मध्ये एक साधा चकचकीत अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा उभा केला तरी एवढा फरक पडतो. तो पाइपाला चिकटलेला मात्र नको. दहा-पंधरा मिलिमीटरची फट हवी आणि फटीची दोन्ही टोकं उघडी. गरम हवा वरून निघते, खालून थंड आत येते. चिकटवलात की तो पत्राच पाइप झाला.

आणि तो पुसत चला. काजळी धरली की आरशाचा तवा होतो.

बोरू

आरशाचा तवा! हे वहीत लिहून ठेवतो.

ऑस्टिनकर

मी टेक्सासात, ऑस्टिनपासून तासाभरावर बारा एकर. कुंपणाची तारं आणि पाण्याची टाकी बघत फिरायला एटीव्ही. जुलै-ऑगस्टमध्ये ३८ ते ४० अंश ठरलेले.

पट्टीबद्दल स्वानुभव. मी गुंडाळली होती. अगोदर पाण्यात भिजवून, ओली असतानाच घट्ट, पाव भाग एकावर एक चढवत, टोकांना स्टेनलेसच्या पट्ट्या. पहिल्या दिवशी एवढा धूर आला की बायको पाण्याचा पाइप घेऊन धावली. तो धूर नॉर्मल आहे, हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. पायाला फरक पडला, भरपूर पडला. दोन वर्षांनी पट्टी काढली तर आतला पाइप खवले निघाल्यासारखा गंजलेला. साध्या लोखंडी पाइपावर पट्टी म्हणजे ओलं फडकं बांधून ठेवणं. दव, धुतल्याचं पाणी, सगळं आत धरून बसते. इथे कोरडी हवा असून ही गत, तुमच्या राजापुरात जून ते सप्टेंबर काय होईल?

स्टेनलेसचा पाइप असेल तर गोष्ट वेगळी.

द्राक्षवेल

आमची दिंडोरीकडे द्राक्षबाग. एटीव्ही नाही, छोटा ट्रॅक्टर आणि मागे ब्लोअर. पण काटा लालला जाणं हा आमच्याकडे रोजचा कार्यक्रम होता. कारण एकच: रेडिएटरच्या जाळीत अडकलेला पाला, त्यावर फवाऱ्याचा थर, त्यावर धूळ. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ. फिटरने पंखा सोडून मागच्या बाजूने टॉर्च मारला, पलीकडे एक ठिपकासुद्धा दिसेना!

आता मी समोर मच्छरदाणीची जाळी लावते, दर दोन तासांनी झटकते. दादा, तुमच्याकडे कुसळं असतील ना?

सड्यावरचा

सगळ्यांचे आभार. @द्राक्षवेल ताई, कुसळं म्हणजे काय विचारता, जानेवारीनंतर सडा म्हणजे कुसळांचीच गादी. मोज्यांत सुद्धा घुसतात.

@पाना_नं_१४ दादा:
डावीकडे चढाला कधी कधी रबराचा वास येतो, होय.
आत विहिरीचं पाणी. विकणारा म्हणाला चालतं.
एच मध्ये. एल मध्ये टाकली की फार रडते आणि हळू जाते, म्हणून.
कव्हर नाही. दोन बोल्टांची भोकं आहेत, बोल्ट गंजून तुटलेले दिसतात.

पाना_नं_१४

अरे देवा. चारपैकी चार.

एल मध्ये रडू दे. रडणं म्हणजे इंजिनाचे फेरे जास्त, म्हणजे वॉटर पंपाचेही फेरे जास्त, म्हणजे पाणी जोरात फिरणार. एच मध्ये लोड घेऊन चढलास की बेल्ट पुलीवर घसरतो, तापतो, तोच तुझा रबराचा वास. एक दिवस बेल्ट तुटणार आणि तो बागेच्या सगळ्यात वरच्या टोकालाच तुटणार, हे लिहून ठेव.

विहिरीचं पाणी काढून टाक. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. तयार मिसळलेलं मिळालं तर अजून बरं. नुसतं पाणी शंभराला उकळतं, अर्धं-अर्धं मिश्रण साधारण १०७ ला, आणि झाकणाचा दाब धरला तर सव्वाशेच्याही पुढे. शिवाय पाण्यात गंज रोखणारं काही नसतं, आत अ‍ॅल्युमिनिअम असतं, ते सडतं.

रिसॉर्टची गाडी म्हणालास. म्हणजे खाऱ्या पाण्यात पळवलेली. कव्हरचे बोल्ट म्हणूनच तुटले. आता रेडिएटरच्या बारीक पाकळ्यांना बोट लावून बघ, हलक्या हाताने. पिठासारख्या गळत असतील तर रेडिएटर नुसता नावाला उरलाय.

निवांत

आमच्या लहानपणी मॅटाडोर होती. ड्रायव्हर आणि किन्नर यांच्या मध्ये इंजिनाचं झाकण, त्यावर गोधडीची घडी, आणि त्या घडीवर मी. कोल्हापूर ते कणकवली, फोंडा घाटातून. थंडीत स्वर्ग, मे महिन्यात पुढचं काय सांगू. घाटात एकदा वाफ आली तेव्हा काकांनी गोणपाट धरून रेडिएटरचं झाकण उघडलं. गोणपाट एकीकडे, काका दुसरीकडे, हाताचं कातडं सोललेलं. पुढची दोन वर्षं ते घरातला प्रेशर कुकरसुद्धा उघडत नसत.

@सड्यावरचा, तेवढं एक लक्षात ठेवा. गरम असताना झाकणाला हात नाही.

बोरू

एसटीच्या बॉनेटवर बसून तालुक्याला गेलेले इथे किती जण? हात वर करा.

गजाली

✋ वर दोन डबे आणि एक कोंबडी घेऊन.

द्राक्षवेल

✋ कोंबडी नव्हती, बाकी सेम.

क्वीन्सलँडचा कांदा

अवांतर चालू आहे तर माझंही. इथे ऑस्ट्रेलियात याला क्वाड म्हणतात आणि शेतावरचं दुसरं जनावरच समजतात. उलटून माणसं दगावायची म्हणून २०१९ मध्ये सरकारने सुरक्षा मानक आणलं. ऑक्टोबर २०२१ पासून नव्या शेतीच्या क्वाडला मागे संरक्षक कमान असल्याशिवाय विकताच येत नाही. काही मोठ्या कंपन्यांनी त्यापेक्षा बाजारच सोडला. सड्याच्या उतारावर ट्रॉली जोडून फिरताय, तेव्हा आडवं कधी जाऊ नका. पायाच्या चटक्यापेक्षा मोठं काहीतरी होईल.

आता मुद्द्याचं. इथे स्पिनिफेक्स नावाचं गवत आहे, चिकट, राळेचं. गाडीखाली सायलेन्सरभोवती साचतं आणि पेट घेतं. माळरानात जाणारे लोक तासातासाला थांबून खाली वाकून तारेने गवत ओढून काढतात. तुमची कुसळं फक्त जाळीत नाहीत. प्लास्टिक काढून बेंड पाइपाच्या आसपास बघा.

ऑस्टिनकर

+१. आमच्याकडे उन्हाळ्यात काउंटी बर्न बॅन लावते, म्हणजे उघड्यावर काडी पेटवायची नाही. मी बार्बेक्यूला घाबरतो आणि पाचशे अंशांचा पाइप घेऊन गुडघाभर गवतातून जातो.

हा प्रश्न स्वस्त गाड्यांचाच असंही नाही. एप्रिल २०१६ मध्ये पोलारिस या अमेरिकन कंपनीने आरझेडआर ९०० आणि १००० या गाड्या आगीच्या धोक्यामुळे परत बोलावल्या होत्या, सुमारे १,३३,००० गाड्या, आगीच्या १६० हून जास्त तक्रारी. त्या एटीव्ही नव्हेत, शेजारी-शेजारी बसायच्या गाड्या, पण उष्णता तीच.

मालवणी_मसालो

वणव्याचा इषय निघालो म्हणान सांगतंय. (बाकी प्रमाण मराठीत लिहितो, सगळ्यांना कळायला हवं.)

चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आमच्या वाडीत एकाने मोटरसायकल सुक्या गवतात उभी केली, स्टँडवर कलती, सायलेन्सर गवताला टेकलेला. पाणी प्यायला झऱ्यावर गेला. परत येईपर्यंत गाडी गेली, आणि तिच्यामागे काजूची पस्तीस-चाळीस झाडं. वारा डोंगराच्या बाजूला होता म्हणून घरं वाचली. दहा वर्षं वाढवलेलं झाड तासाभरात कोळसा होतं, आणि पंचनाम्याचे पैसे येईपर्यंत दुसरा वणवा येतो.

तुझी एटीव्ही क्रेट भरताना उभी कुठे असते? गवतात असेल तर आजपासून बंद कर. प्रत्येक थांब्याला जांभ्याचा उघडा कातळ शोध, नाहीतर चार फावडी मारून माती मोकळी कर. बागेभोवती जाळरेषा काढतोस ना, तसंच. मागच्या कॅरिअरला छोटा अग्निशामक बांध, पावडरवाला.

सड्यावरचा

हे डोक्यातच आलं नव्हतं. थांबे सगळे गवतात आहेत. उद्याच दोन माणसं लावतो.

चिकू

पट्टीबिट्टी सोडा, पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मिळतं त्याचं काय? इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. इंजेक्शनवाल्या गाडीत सेन्सर बघून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. तुमच्या कार्बोरेटरला कोण सांगणार? मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी; लीन झालं की एक्झॉस्ट तापतो. मेन जेट (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा स्क्रू) एक नंबर मोठा टाकून बघा.

निवांत

आला, ई२० आला. धागा आता शंभरी गाठणार.

बोरू

पॉपकॉर्न घेऊन बसलो.

पाना_नं_१४

@चिकू, मुद्दा बरोबर आहे, नंबर चुकलाय. जेट शेवटी. आधी कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधलं रबर तडकलंय का बघायचं. समुद्राकाठची जुनी गाडी, तिथून हवा ओढत असेल तर कितीही मोठा जेट टाक. त्यानंतर प्लगचा रंग. चुन्यासारखा पांढरा असेल तर लीन, बिस्किटी असेल तर हात लावू नको.

आणि सायलेन्सरच्या शेपटीला ठिणगी अडवायची जाळी असते, ती कार्बनने बुजली असेल तर धूर मागे कोंडतो, त्यानेही पाइप तापतो. काढून तारेच्या ब्रशने घास आणि परत बसव. परत बसव हे मुद्दाम लिहितोय. वरचा काजूचा प्रतिसाद वाचलास ना?

द्राक्षवेल

आणि माझी मच्छरदाणी?

चौथा घात

@द्राक्षवेल, मच्छरदाणी हवेलाही अडवते. ट्रॅक्टरचा मोठा पंखा तिच्यातून ओढून घेतो. एटीव्हीच्या बशीएवढ्या पंख्याला ते जमेलच असं नाही. जरा मोठ्या भोकांची जाळी, रेडिएटरपासून तीन-चार बोटं पुढे, म्हणजे तिचं क्षेत्र मोठं राहील.

द्राक्षवेल

आमच्याकडे चार हंगाम चालली हो! पण मोठ्या भोकांतून कुसळ आडवं जाणार नाही, उभं जाईल. तुम्ही कुसळ पाहिलंय का सर?

चौथा घात

पुण्यात राहतो. माघार घेतो.

गजाली

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत) ताईंशी.

अर्धा चहा

संपूर्ण धागा शांतपणे वाचला, आणि एका गोष्टीकडे कुणाचंच लक्ष गेलेलं नाही. सड्यावरचा यांच्या पहिल्या पोस्टमध्ये कुत्रा आहे.

पंखा लागला की वाघ्या पुढच्या जाळीसमोर शेकायला बसतो. पुढच्या? पंखा रेडिएटरच्या मागे असतो, हवा पुढून आत ओढून इंजिनाकडे टाकतो. जाळीसमोर बसलेल्या कुत्र्याला थंड वारा लागायला हवा. त्याला गरम हवा मिळत असेल तर पंखा उलटा फिरतोय.

"नवीन पंखा टाकून दिलाय" म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची मोटर बसवली आणि दोन वायरी उलट्या जोडल्या. डीसी मोटर आहे, वायरी बदलल्या की उलट फिरते. आवाज दणदणीत येतो तो त्यामुळेच, पाती उलट्या बाजूने हवा कापतात. म्हणजे तुमचा पंखा इंजिनाची तापलेली हवा रेडिएटरमधून बाहेर ढकलतोय, आणि गाडी चालली की समोरच्या वाऱ्याशी कुस्ती खेळतोय.

पंखा चालू असताना जाळीवर वहीचा कागद धरा. चिकटला तर सरळ, उडाला तर उलटा.

बोरू

🙏🙏🙏

निवांत

शेरलॉक वाघ्या.

पाना_नं_१४

तीस वर्षं पाना फिरवतोय. कुत्र्यावरून पंखा ओळखलेला पहिल्यांदाच बघतोय. नाद खुळा.

मालवणी_मसालो

मी पयल्यांदाच सांगितलंय, पंखो बघ. माका कोण इचारता.

सड्यावरचा

(सहा दिवसांनी)

कागद उडाला.

सविस्तर लिहितो, कारण बरंच काही घडलं. वायरी बदलल्या, कागद फटकन जाळीला चिकटला. पंखा सोडला तेव्हा मागून टॉर्चही मारला: खालचा एक-तृतीयांश भाग कुसळं आणि लाल मातीने लिंपलेला. मागून पुढे, साध्या नळाच्या धारेने, अर्धा तास धुतला. प्रेशर वॉशर होता, पण वापरला नाही, पाकळ्या लोळतात म्हणाले. खालच्या कोपऱ्यातल्या पाकळ्या पिठासारख्या झाल्यात, पण अजून चालेल.

पाणी काढलं ते चहाच्या रंगाचं. दोनदा धुऊन कूलंट भरलं. पुढची चाकं बांधावर चढवून, झाकण उघडं ठेवून (थंड असताना!) चालू केली, बुडबुडे संपेपर्यंत. बेंड पाइपावर कोळ्याच्या जाळ्यासारखं गवत होतं, काही काड्या काळ्या पडलेल्या. ते बघून पोटात गोळा आला.

सहा क्रेट भरून एल मध्ये तीन खेपा केल्या. काटा मध्याच्या पुढे गेला नाही.

पण मंडळी, पाय आधीपेक्षा जास्त भाजतोय!

गजाली

😂 काय हे.

अर्धा चहा

अर्थात. आता रेडिएटरची सगळी गरम हवा जिथे जायची तिथे, म्हणजे मागे, तुमच्या नडग्यांकडे येते. आधी ती वाघ्याला मिळत होती.

पाना_नं_१४

हेच म्हणत होतो, दोन आजार. एक बरा झाला. आता दुसऱ्याकडे.

कव्हर कर. अ‍ॅल्युमिनिअमचा मिलिमीटरभर जाडीचा पत्रा, पाइपाच्या गोलाईत वाकवून, पाठीवर दोन पट्ट्या रिव्हेट मारून त्या स्टीलच्या होज क्लिपने पाइपाला आवळायच्या. पट्टी आणि पत्र्याच्या मध्ये वॉशरची चळत, म्हणजे चौथा घात सर म्हणाले तशी फट राहील. तुटक्या बोल्टांच्या नादी लागू नको, ड्रिल मारताना हेडच्या बाजूला नवं दुखणं काढशील.

प्लास्टिकच्या आतल्या अंगाला ती चंदेरी चादर चिकटव, मागे काचेच्या लोकरीचा थर असलेली. आणि रेडिएटरच्या हवेसाठी गुडघ्याच्या पुढे एक रबरी पडदा, ट्रकच्या मडफ्लॅपचा तुकडा चालेल, हवा खाली जमिनीकडे वळवायला. सायलेन्सरपासून हातभर लांब ठेव.

अ‍ॅस्बेस्टॉसचं राहिलं. तुझा फिटर जुना माणूस असणार, आम्हीही शिकलो तेव्हा तीच दोरी गुंडाळायचो, दातांनी तोडायचो. त्याची बारीक कुसळं फुप्फुसात जातात आणि बाहेर येत नाहीत. माझ्या उस्तादांना शेवटी जिना चढवत नव्हता. फिटरला सांग, घरी असेल तर तिला हात लावू नको म्हणावं.

द्राक्षवेल

कूलंटचा डबा उंचावर ठेवा हं दादा. गोडसर लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि मूत्रपिंडं जातात. वाघ्या आता या धाग्याचा मानकरी आहे.

चिकू

आणि प्लगचा रंग? कुणी विचारणारच नाही का?

सड्यावरचा

@चिकू, बिस्किटी. जेटला हात लावला नाही. सॉरी.

@द्राक्षवेल ताई, उरलेला कूलंट माळ्यावर ठेवला. काढलेलं पाणीसुद्धा ड्रममध्ये झाकून ठेवलंय.

सड्यावरचा

(आणखी नऊ दिवसांनी)

पत्रा झाला. वेल्डरने क्लिपा लावून दिल्या, वाकवताना एक फुकट गेला, दुसरा जमला. ट्रकचा मडफ्लॅप कापून पडदा केला, त्यावर "हॉर्न ओके" मधला "ओके" तेवढा आलाय. काल दुपारी अकरा ते एक, आठ क्रेट, सलग पाच खेपा. हाफ पँटमध्ये. कोमट लागतं, चटका नाही. पट्टीचे पैसे वाचले ते अग्निशामकात गेले.

एलमध्ये वेळ जास्त लागतो, ते खरं. पण पिकअपवाला तसाही उशिरा येतो.

क्वीन्सलँडचा कांदा

आणि आडवं?

सड्यावरचा

आडवं बंद. वरून वळसा घालून सरळ उतरतो. आई वरच्या पायवाटेवर खुर्ची टाकून बसते आणि ओरडते.

निवांत

पेटीचा भाव काय यंदा? धाग्याच्या सभासदांना सवलत?

सड्यावरचा

मोहोर उशिरा आलाय, पहिला माल थोडाच निघेल. अर्धा चहा यांना एक पेटी नक्की. बाकीच्यांनी रांगेत यावं.

मालवणी_मसालो

आणि माका? पंखो बघ म्हणान कोणी सांगितलेलान?

बोरू

वाघ्या आता कुठे बसतो?

सड्यावरचा

दोन दिवस जाळीसमोर बसून वाट बघत होता. आता उजव्या फूटरेस्टच्या खाली, मडफ्लॅपच्या मागे.